पलीकडून धरलेला ठोकळा

मंडळी, मी तीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. जे मायक्रोमीटरमध्ये सापडत नाही ते नसतंच, असं मानणारा मी माणूस. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी वेळ काय होती, उजेड किती होता, अंतर किती होतं ते विचारायचो. आता तुम्ही मला विचारा. वेळ दुपारी तीनची, उजेड भरपूर, अंतर – एका पत्र्याच्या जाडीचं.

आम्ही म्हैसूरचे मराठी. पूर्वज इथल्या फौजेत घोड्यावर होते, मी रिटायर झाल्यावर मोटारीवर आलो. कुवेंपुनगरात घर, मागे शेड, आणि त्या शेडमध्ये मी गेली सहा वर्षं एक रेसची गाडी बनवतोय. फार जुन्या काळी असायच्या तशी – लांब नाक, तारांची चाकं, दोनच सीटा आणि मागे होडीसारखी निमुळती शेपटी. इंजिन भंगारातल्या जीपचं, चॅसी मी वेल्ड केलेली, बॉडी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, हाताने ठोकून घडवलेली.

पत्रे जोडायचे ते रिव्हेटने, आणि तिथे दोन माणसं लागतात. बाहेरून एकाने रिव्हेटच्या डोक्यावर हातोडी मारायची, आतून दुसऱ्याने त्याच्या टोकाला लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. तरच ते टोक बटणासारखं चपटं बसतं. पलीकडे कुणी नसेल तर रिव्हेट वाकतो. शेपटीत तर एकाच माणसाचे हात दोन्हीकडे पोचणं शक्यच नाही.

आत बसायची माझी बायको, सुमन. हायस्कूलात गणित शिकवून रिटायर झालेली. पदर खोचून सीटमागच्या फटीतून शेपटीत शिरायची आणि आत पाटावर बसायची. शिरताना रोज एकच तक्रार – "अहो, सप्तपदीत हे कुठं होतं? सुम्ने, उगाच फसवलात मला." हातोडीच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून खुणा ठरवल्या होत्या. आतून ठोकळ्याने एकदा ठोकलं की 'मार', दोनदा म्हणजे 'बसला', तीनदा म्हणजे 'बिघडला, काढ'. तीनदा ठोकायला तिला फार आवडायचं. आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर लाल फुल्या मारलेली बाई ती.

डावी बाजू आम्ही दोघांनी पुरी केली. उजव्या बाजूची शेवटची ओळ राहिली, बत्तीस रिव्हेटची – आणि सुमन गेली. छातीत दुखतंय म्हणाली, दोन दिवसांत सगळं आटोपलं.

दीड वर्ष शेडला कुलूप होतं. मुलगी मेलबर्नहून फोन करायची, "अप्पा, कुणीतरी माणूस लावून ती ओळ पुरी करून घ्या ना." एका बाजूने बसणारे पॉप रिव्हेटही मिळतात, मला माहीत आहे. पण डावीकडे आमचं दोघांचं काम आणि उजवीकडे भाड्याचा माणूस? नाही पटलं. ती ओळ डावीसारखीच व्हायला हवी होती, नाहीतर गाडी गेली भंगारात. हट्ट म्हणा. घरात बोलायला कुणी उरलं नाही की माणूस हट्टालाच धरून बसतो.

कुलूप काढून मी एकट्याने करून पाहिलं. आत लाकडाची टेकणं लावली, जॅक लावला, जाड स्प्रिंग लावली. वाकायचे ते वाकलेच, सगळे परत काढून टाकले.

मग गेल्या वर्षीचा दसरा आला. नवमीच्या आयुधपूजेला आमच्याकडे पणजोबांची तलवार काढतात, तिच्याशेजारी पाने, करवती, ड्रिल, घरातली विळी आणि कात्रीसुद्धा. एकदा कुंकू लागलं की दशमीच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. अवजारांना विश्रांती. सुमन याबाबतीत भलती कडक, भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. त्या दिवशी सकाळी मी एकट्याने सगळी मांडामांड केली. एकच राहिलं... तिचा ठोकळा. तिने ठेवला होता तसा तो शेपटीत पाटाखालीच होता. तो मी दीड वर्षात हलवला नव्हता, आणि पूजेलाही मला काढवला नाही.

दुपारी गल्लीत दृष्टीचे कोहळे आणि फटाके फुटत होते. शेजारच्या स्कूटरला, बसला, पोरांच्या सायकलींना झेंडूच्या माळा. सगळे आपापल्या माणसांत. मी दहीभात खाल्ला, ताट धुतलं आणि मला एकदम राग आला. कुणाचा, ते माहीत नाही. पूजेतली हातोडी कुंकवासकट उचलली. अडवायला होतं कोण? शेडमध्ये गेलो, पहिल्या भोकात रिव्हेट घातला आणि टेकणबिकण काही न लावता मारला. वाकू दे, म्हटलं.

तो वाकला नाही.

हाताला कळतं हो. पलीकडे कुणी धरलेलं असलं की हातोडी भरीव बसते, नसलं की पोकळ. हा घाव भरीव होता. आणि मग आतून – टक, टक.

मला भीती वाटली नाही. फटीतून वाकून पाहता आलं असतं, पण मी पाहिलं नाही, कारण आत कुणी नाही असं दिसलं असतं तर ते मला सोसलं नसतं. दुसरा रिव्हेट घातला. एक टक. मी मारला. दोन टक. असं चाललं. एकोणिसाव्याला तीन टक आले. मी पूजेतून ड्रिल आणून तो काढला, नवा घातला. रडत होतो आणि हसतही होतो.

बत्तिसावा बसला, दोन टक आले. मी म्हणालो, "सुमन, बाहेर ये. चहा मी करतो."

काहीच आलं नाही. मग फटीतून आत पाहिलं. पाट होता. ठोकळा आता पाटावर होता, आणि त्याच्या तोंडावर ॲल्युमिनियमचे ताजे, चकचकीत डाग होते.

दशमीला कारखान्यातले जुने सोबती गणपतराव बन्नीची, म्हणजे शमीची पानं द्यायला आले. मी काही न सांगता त्यांना टॉर्च आणि आरसा दिला. त्यांनी ओळीवरून आरसा फिरवला आणि विचारलं, "आतनं कोण धरलं हो?" कुणी नाही म्हटल्यावर चिडले. "सुळ्ळु सांगू नका, खोटं. येकट्याचं काम नव्हे हे."

पत्रा तापून वाजतो, मान्य. फटाक्यांचा आवाज घुमतो, तेही मान्य. एकटा म्हातारा भलतंसलतं ऐकतो, हे तर मीच दुसऱ्यांना सांगत आलो. पण प्रतिध्वनी रिव्हेट चपटा करत नाही.

पुढचं मी गणपतरावांनाही सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही. ते गेल्यावर मी शेडमध्ये परत आलो आणि शेवटचा, उत्तम बसलेला रिव्हेट ड्रिल लावून काढून टाकला. मुद्दाम. काम शिल्लक राहिलं तर ती येईल, एवढाच हिशेब. नवा घातला, कान लावला. काही नाही. तरी मारला.

घाव पोकळ बसला. रिव्हेट वाकला.

मग मी तिथेच पाठ टेकून बसलो आणि ती गेल्यापासून पहिल्यांदाच गळा काढून तिला हाक मारली. तो रिव्हेट मी बदललेला नाही, बदलणारही नाही. तुमच्यापैकी कुणी जाणकार असेल तर जरूर कळवा. वाकलेल्या एकाचं कारण मला माहीत आहे – पलीकडे कुणी नव्हतं. बाकीच्या एकतिसांचं मला आजही सांगता येत नाही.