साडेसव्वीस सेंटिमीटर

खून-दरोड्यांचे तपास मी पुष्कळ केले, त्यांतले बरेच आता धूसर झालेत. पण जळगावच्या पोलीस ठाण्यात माझ्या टेबलावर ठेवलेला कॉम्प्युटरचा तो काळा डबा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या चौकशीत पहिली चूक माझी होती, हे त्याचं कारण.

अर्ज अमळनेरच्या एका आबांचा होता. कापसाचे व्यापारी, चारचौघांत वजन असलेला माणूस. पूर्वी मी अमळनेरला असताना शांतता समितीच्या बैठकीत ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे. त्यांचा पंचविशीतला मुलगा घरून नोकरी करायचा आणि सुटीच्या दिवशी कॉम्प्युटरवर गेम खेळायचा. गेम अडखळतात म्हणून ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग, बदलायचं ठरलं. आबांनी जळगावच्या एका दुकानात डबा दिला, सगळ्यांत भारी असं तीन पंख्यांचं कार्ड घेतलं आणि खोकं, बिल, डबा घेऊन संध्याकाळी घरी गेले. दोन दिवसांनी मुलानं डबा उघडून पाहिलं. आत दोन पंख्यांचं, वापरलेलं कार्ड!

दुकानमालकाला बोलावलं. त्यानं खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "साहेब, मी फक्त बिल करतो. जोडणी सगळी आमची बाई करते. मोठं कार्ड त्या डब्यात जोडून चालू झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं. नंतर तिनं कधी बदललं, देव जाणे." तसा त्याचा जबाब नोंदवला. गुन्हा अजून दाखल नव्हता, अर्जावरची चौकशी होती. पण माझ्या मनात ती केव्हाच संपली होती. अर्जदार ओळखीचा, मालक गोडबोल्या, आणि उरली कोण तर कामाला असलेली बाई.

ती नशिराबादची. वय तिशीचं, आयटीआय झालेली. त्या दिवशी तिची सुटी होती, म्हणून सकाळीच मी महिला शिपाई देऊन जीप पाठवली आणि तिला घरातून ठाण्यात आणलं. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. हा नियम मी नव्या फौजदारांना शिकवायचो आणि मीच मोडला.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. खोकं कुणी उघडलं? घरी किती वाजता गेलात? सोबत पिशवी होती का?

ती म्हणाली, "साहेब, ते कार्ड त्या डब्यात बसतच नाही. मी आबांना तसं सांगितलं होतं. मी ते जोडलंच नाही."

"विचारलं तेवढंच सांगा," मी म्हणालो.

आमचे लेखनिक हवालदार वीस वर्षं जबाब लिहीत होते. माणूस काहीही बोलो, कागदावर त्यांचीच भाषा उतरायची. 'समक्ष विचारल्यावरून सांगते की' पासून 'वाचून पाहिला, बरोबर आहे' पर्यंत. त्यांनी कागद पुढे सरकवला. हिनं तो खरोखरच वाचला. आमच्याकडे इतकं सावकाश कुणी वाचत नाही.

"माझं वाक्य यात नाही."

"ते तांत्रिक आहे, ताई," हवालदार म्हणाले.

"मग सही पण नाही."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. तिचं तोंड बंद करावं म्हणून मी अपघाताच्या पंचनाम्याची टेप मागवली. दोन माणसांसमक्ष डबा उघडला. मागच्या पट्टीपासून पुढे हार्ड डिस्कच्या चौकटीपर्यंतची मोकळी जागा मोजली. साडेसव्वीस सेंटिमीटर. आबांनी आणलेल्या खोक्यावर कार्डाची लांबी छापलेली होती. बत्तीस. चौकट रिव्हेटनं पक्की ठोकलेली, रंगावर ओरखडासुद्धा नाही.

हवालदारांनी टेप पुन्हा लावून पाहिली. जागा काही वाढली नाही.

मालकानं डोळ्यांनी पाहिलेलं ते कार्ड त्या डब्यात कधी गेलंच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला मी निघालो होतो.

मालकाला पुन्हा बोलावलं आणि टेप त्याच्याच हातात दिली. "लावा. तुम्ही पाहिलंय ना चालू झालेलं?" त्यानं एकदा मोजलं आणि खुर्चीत बसला. मग सगळं बाहेर आलं. बाईनं आबांना सांगितलं होतं, की तुमच्या मुलाच्या पडद्याला मधलं कार्ड पुरे आहे, मोठं बसणार नाही, आणि त्याला लागणारी वीजही डब्यातल्या पॉवर सप्लायला झेपणार नाही. आबा म्हणाले होते, "धाकलं कशाले? मन्हा पोऱ्याले मोठंच दे!" बाई जोडायला नाही म्हणून घरी गेली. गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून मालकानं हाताशी असलेलं जुनं कार्ड स्वतः बसवलं आणि मोठ्याचं रिकामं खोकं दिलं. मोठं कार्ड त्याच्या कपाटात मिळालं. फसवणुकीचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला.

आबा ठाण्यातच होते. ते खाली मान घालून तिला म्हणाले, "ताई, मंग आते कोणतं लेऊ?"

तिनं उलट तीन प्रश्न केले. पडदा केवढा, पॉवर सप्लाय किती वॅटचा, मुलगा कोणते गेम खेळतो. आणि मधलंच कार्ड सांगितलं. तिचे प्रश्न माझ्यापेक्षा बरे होते.

मी तिला म्हणालो, "ताई, तुम्ही जाऊ शकता."

ती उठली नाही. "गाडीनं आणलंत, गाडीनंच सोडा. आणि तुम्ही या. वर्दीत."

गेलो. विहाराजवळच्या घराच्या ओट्यावर तिचे सासरे, नाना, सकाळपासून बसून होते. सुनेला शिकवून कामाला पाठवली म्हणून आधीच त्यांना लोकांची बोलणी खावी लागत होती, हे तिनं वाटेत सांगितलं. शेजारणी दारात उभ्या होत्या. मी नानांजवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, "यांचा काही दोष नाही."

नाना म्हणाले, "साहेब, सकाळी तुमची गाडी बठ्ठ्या गल्लीनं, एकूणएक घरानं पाहिली. हे बी बठ्ठ्यांना ऐकू येऊ द्या."

मी मागे वळलो. इतकी वर्षं गर्दीवर चढवलेला आवाज त्या दिवशी स्वतःवर चढवला. "यांनी खरं सांगितलं होतं," मी मोठ्यानं म्हणालो. "आम्ही लिहून घेतलं नाही. चूक आमची!"

तिनं नानांचा हात धरून त्यांना उठवलं आणि आत नेलं.

आता निवृत्त होऊन धुळ्यात राहतो. त्या दिवसानंतरच्या प्रत्येक जबाबाला शेवटी पेन खाली ठेवून मी एक प्रश्न विचारत असे: तुमचं एखादं वाक्य राहिलं का? पुष्कळदा माणूस तिथूनच खरं बोलायला लागायचा.