तुळशीशेजारचं जांभळं झाड

मेहकरातल्या आमच्या शेजारच्या काकू आधी हसतात, मग बोलतात. यात्रेहून आणलेलं, पंख्यासारखं जाळीदार, जांभळं 'समुद्राचं झाड' त्यांनी तुळशीशेजारी खोचलं होतं. रोज तुळशीबरोबर त्यालाही तांब्याभर पाणी.

मी जीवशास्त्राचा मास्तर, राहवलं नाही. "काकू, हे झाड नाही, प्राणी आहेत. या जाळीवर आठ-आठ हातांचे हजारो बारके जीव एकत्र राहायचे. आता मेलेत."

"एवढे जण एका घरात? अन् कोणीच वेगळं नाई निघालं?" काकूंनी हसत ते उपटून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी बघतो, तर ते सासू-सासऱ्यांच्या फोटोशेजारी टांगलेलं, वर ताजा हार.

"सर, या लोकायचं आडनाव काय हो?"

"गॉर्गोनियन."

"लांबचे दिसतेत," म्हणत काकूंनी हार सरळ केला.