आधी चंद्र, मग चॉकलेट

लुव्हिनिया गॅस्किनच्या हाताला सगळी हॅलर स्ट्रीट वचकून होती. डेट्रॉइटच्या पूर्वेकडची ती गल्ली काही लेच्यापेच्यांची नव्हती. तिथे बंदुका होत्या, साखळीला न जुमानणारी कुत्री होती, तुरुंगात जाऊन आलेले पुरुष होते. तरी मिस व्हेनी (गल्ली तिला याच नावानं हाक मारायची) कामावरून परतताना दिसली की पायऱ्यांवर पसरलेले टगे पाय आवरून घ्यायचे.

मोटारींच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात तिची हयात गेली. एका मुकादमानं एकदा तिच्या कमरेला हात घातला, तर तिनं हातातल्या काचेच्या तुकड्यानं त्याचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला. नोकरी गेली नाही, कारण काय झालं ते सांगायची मुकादमालाच लाज वाटली. नवरा क्लीओफस दारू पिऊन मारायचा. अकरा वर्षं तिनं सोसलं. बाराव्या वर्षी एका रविवारी, चर्चमधून आल्या आल्या, डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता तिनं बिडाच्या तव्यानं त्याचं मनगट मोडलं. तो गेला तो गेलाच.

"त्या दिवसापासून माझे हात मला आवडायला लागले," असं ती सांगायची, आणि ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही.

दुर्बीण तिनं स्वतः बनवली होती. कारखान्यात पॉलिशवर झिगमुंट नावाचा एक पोलिश म्हातारा होता. जहाजाच्या खिडकीची जाडजूड काच घासून आरसा कसा करायचा, ते त्यानं तिला शिकवलं. काचेवर काच, मध्ये ओली पूड, आणि तासन्‌तास घासायचं. "राग आला की हात थांबव," तो म्हणायचा, "नाहीतर ओरखडा पडतो." झिगमुंटला जे काम दोन महिन्यांत जमायचं त्याला तिला सात महिने लागले. खांब ओतायला वापरतात तसल्या पुठ्ठ्याच्या जाड नळीत तिनं तो आरसा बसवला आणि खाली दीड इंची गॅसच्या पाइपांची तिपाई केली.

१९६६ पासून दर हॅलोवीनला ही दुर्बीण तिच्या घरापुढच्या फुटपाथवर असायची. अंधार पडू लागला की पोरं सोंगं चढवून, चॉकलेटं गोळा करायला उशांचे अभ्रे घेऊन निघायची. भुतं, हडळी, गुडघ्यापर्यंत आलेल्या पप्पांच्या कोटातले चोर. आणि डेट्रॉइटची पोरं दारात जे ओरडतात तेच ओरडायची, "गरिबाला मदत करा!"

"आधी चंद्र, मग चॉकलेट," मिस व्हेनी म्हणायची. "ए ड्रॅक्युला, दात काढ. नळीला लागतील."

ढगाळ किंवा चंद्र नसलेल्या वर्षी नुसतं चॉकलेट मिळायचं आणि पोरं चक्क हिरमुसली व्हायची.

पण हॅलोवीनच्या आदल्या संध्याकाळी डेट्रॉइट जळायचं. तिला सैतानाची रात्रच म्हणायचे. आधी दारांवर अंडी फेकणं, खिडक्यांना साबण फासणं एवढंच असायचं. मग कारखाने बंद पडत गेले, घरं रिकामी पडत गेली, आणि पोरांच्या हातात काडेपेट्या आल्या. १९८४ साली हॅलर स्ट्रीटवरच्या अकरा घरांपैकी चार ओस होती. त्यांतलं एक मिस व्हेनीच्या घराला लागून, मध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी बोळ. ते पेटलं असतं तर तिचंही गेलं असतं.

त्या मंगळवारी दिवेलागणीलाच ती पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसली. नळाला रबरी पाइप जोडलेला, आणि मांडीवर तिपाईचा एक पाय सोडवून घेतलेला. समोरचे न्हावी एमोस थ्रेडगिल सत्तरीचे. तेही शिट्टी गळ्यात अडकवून आपल्या ओट्यावर बसले होते. उत्तरेकडे आकाश तांबूस झालं होतं. आगीचे बंब एकामागून एक लांबून ओरडत जात होते, पण या बाजूला एकही वळत नव्हता.

"मिस व्हेनी," थ्रेडगिल रस्त्यापलीकडून म्हणाले, "कोणी आलंच तर आपण नुसतं ओरडायचं हं."

"तुम्ही ओरडा," ती म्हणाली. "मी बघते काय ते."

आठच्या सुमाराला पेट्रोलचा वास आला. मागून पावलं धावल्याचा आवाज, कुंपण हलल्याचा आवाज, आणि भक्‌कन उजेड. तिपाईचा पाय उचलून ती बोळीतून मागे गेली. ओसाड घराचा मागचा ओटा पेटला होता आणि त्या उजेडापुढे एक माणूस पेट्रोलचा डबा हातात घेऊन उभा होता.

तो तिच्याकडे वळला. त्यानं तोंड उघडलं.

तिनं पहिला फटका गुडघ्यावर घातला. तो कोसळला, डबा घरंगळला. त्यानं डोकं वाचवायला उजवा हात वर केला, तर दुसरा त्या हातावर. बोटं मोडल्याचं तिला पाइपातून तळव्याला कळलं. तिसरा जबड्यावर. तेव्हा त्याच्या तोंडातून आवाज आला तो शब्द नव्हता. नंतरचे तिनं मोजले नाहीत. पाठ, खांदा, बरगड्या. तो कोपरांवर सरपटत कुंपणाकडे जात होता आणि ती त्याच्या मागे एकेक पाऊल टाकत मारत होती. अगदी शांतपणे, कारखान्यातलं काम करावं तसं.

"पुरे! अगं, मरेल तो!" थ्रेडगिलनी मागून तिच्या कमरेला मिठी मारली. तिनं त्यांनाही कोपर मारलं. त्यांचा चष्मा फुटला, पण त्यांनी मिठी सोडली नाही.

ओसाड घर वाचलं नाही. तिचं वाचलं. दोघांनी तिच्या भिंतीवर आलटूनपालटून पाणी मारलं. भिंतीचा रंग फोड आल्यासारखा फुगून गळत होता. बंब आला तेव्हा शेजारी नुसतं धुराडं उभं होतं. पोलिसांनी कुंपणाशी पडलेल्या माणसाला रुग्णवाहिकेत घातलं. चेहरा सुजून भोपळा झालेला, ओळख पटण्याजोगा नव्हताच. एका पोलिसानं त्याच्या डाव्या हातात बेडी अडकवली.

"शाब्बास, बाई," तो म्हणाला. "तुमच्यासारखे दहा जण असते तर आज आम्ही घरी जेवलो असतो."

सकाळी सगळी गल्ली तिच्या दारात आली. कोणी रताळ्याचं गोड पक्वान्न आणलं, कोणी तळलेली कोंबडी. तिनं कामावर रजा टाकली, ओट्यावर बसली, आणि एकेकाला कसं झालं ते सांगितलं. उजवा खांदा ठणकत होता, आणि तिला फार बरं वाटत होतं. इतकं बरं तिला क्लीओफसच्या त्या रविवारनंतर वाटलं नव्हतं. हे तिनं पुढे कोर्टातही लपवलं नाही.

दुपारी तिनं पाइप पाण्यानं धुतला आणि तिपाईला परत बसवला.

संध्याकाळ स्वच्छ निघाली. अर्धा चंद्र दक्षिणेला, खाली नैर्ऋत्येला गुरू. जळक्या लाकडाचा वास अजून होता, पण पोरांची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. एवढी कधीच नव्हती. आयाही आल्या होत्या. त्यांना चंद्रापेक्षा मिस व्हेनीला बघायचं होतं.

"हाच का तो पाइप?" एक भूत तिपाईला हात लावत म्हणालं.

"हात काढ तिथला. डोळा इथे लाव. काळं आणि पांढरं जिथे मिळतंय तिथे बघ. दिसले खड्डे?"

"आयला!"

"आईसमोर असं बोलतोस? घे चॉकलेट, पळ."

मग आठएक वर्षांची एक मुलगी स्टुलावर चढली. तिनं वेल्डरचा मुखवटा डोक्यावर मागे सारला होता आणि अंगाला चंदेरी कागद गुंडाळला होता. अंतराळवीर. ती या गल्लीतली नव्हती.

"कुठली गं तू?"

"मागच्या गल्लीतली. टोनिया लाइल्स." तिनं डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. रांगेतून ओरडा सुरू झाला.

"छान आहे मुखवटा," मिस व्हेनी म्हणाली.

"माझ्या डॅडींचा आहे. ते हॉस्पिटलात आहेत. त्यांचा चेहरा कोणीतरी फोडला." डोळा अजून नळीलाच. "त्यांना बोलता येत नाही. डाव्या हातानं लिहून दाखवलं. पोरं आग लावत होती, डॅडींनी त्यांच्या हातातला डबा ओढून घेतला, तर पोलिसांनी डॅडींनाच बेडी घातली. मम्मी म्हणते..."

मम्मी काय म्हणते ते राहून गेलं. मिस व्हेनीनं मुलीला दोन्ही काखांत धरून स्टुलावरून खाली उतरवलं. आपले हात त्या मुलीच्या अंगावर आहेत हे तिला दिसलं आणि तिनं ते चटका बसावा तसे काढून घेतले.

"पुढचा!" कोणीतरी ओरडलं. ती हलली नाही.

"टोनिया!" रस्त्याच्या मधून हाक आली. हॉस्पिटलच्या धोबीखान्यातला निळा अंगरखा घातलेली एक बाई येत होती, चालत, मग धावत. हातात तिनं कुठून तरी उचललेली वीट होती. कॉर्लिस लाइल्स. मुलीला आजीपाशी ठेवून ती नवऱ्याकडे गेली होती. परतल्यावर तिला कळलं की पोरगी कुठल्या रांगेत जाऊन उभी आहे.

"माझ्या पोरीला हात लावलास? तू?"

विटेचा पहिला फटका मिस व्हेनीच्या खांद्याला लागला. मग कॉर्लिसनं तिच्या थोबाडीत मारली, एकदा, दोनदा, उलट्या हातानं तिसरी. मिस व्हेनीचा ओठ फुटला. थ्रेडगिल आणि दोन बाप्ये पुढे धावले.

"कोणी मध्ये यायचं नाही!" मिस व्हेनी ओरडली. तिचा आवाज ऐकून ते थबकले. "पोरांना मागे घ्या. काच उडेल."

कारण कॉर्लिस आता दुर्बिणीकडे वळली होती. तिनं ती लाथेनं पाडली. पुठ्ठ्याची नळी फाटेपर्यंत विटेनं ठेचली. मग तळाशी हात घालून आरसा बाहेर काढला, डोक्यावर उचलला आणि फुटपाथच्या कडेवर आपटला. सात महिने घासलेली काच तीन तुकडे होऊन गटारापाशी पडली. बारकी पोरं रडत होती. टोनिया रडत नव्हती. ती आईकडे बघत होती.

"तोंड उघडलं होतं त्यानं," मिस व्हेनी म्हणाली. "मी ऐकलं नाही."

कॉर्लिस तिच्या पायाशी थुंकली आणि मुलीला ओढत घेऊन गेली.

त्याच संध्याकाळी, तोंडावरचं रक्त तसंच ठेवून, मिस व्हेनी पोलीस चौकीत गेली. टेबलामागच्या माणसाला प्रकरण वाढवायचं नव्हतं. "चूक झाली, बाई. आग तर लागली होती ना?" ती बाकावर बसून राहिली. त्यानं जबानी लिहून घेतली, हॉस्पिटलला फोन करून बेडी काढायला सांगितलं, तेव्हाच ती उठली.

वेंडेल लाइल्सचा जबडा तारेनं बांधला होता. गुडघा फुटला होता, उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा मिटणार नव्हती. वेल्डिंगचं काम गेलं. मिस व्हेनीवरचा खटला जानेवारीत होता. तोपर्यंत त्याला आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलात न्यायला लाइल्सांकडे गाडी नव्हती. मिस व्हेनी त्यांच्या दारात गेली. कॉर्लिसनं दार उघडून बंद केलं. ती दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. चौथ्या दिवशी कॉर्लिस उंबऱ्यावर उभी राहिली.

"त्याच्याशी बोलायचं नाहीस. माफी मागायची नाहीस. आमच्याकडून काही ऐकायची वाट बघायची नाही. गाडी चालवायची."

"चालवते."

तशी ती सहा आठवडे चालवत राहिली. वेंडेल मागच्या सीटवर कुबड्या आडव्या घेऊन बसायचा. पहिल्या दिवशी तिनं सीट मागे सरकवायला हात पाठीमागे नेला, तर तो दाराला चिकटला. त्यानंतर ती दोन्ही हात स्टिअरिंगवर, त्याला दिसतील असे ठेवायला लागली.

डिसेंबरच्या मध्याला त्याची तार काढली. परतताना बर्फ पडत होता. लाल दिव्याला गाडी उभी राहिली तेव्हा मागून गंजका, अनोळखी आवाज आला.

"ब्रेक घासतोय तुझा."

तिनं आरशात पाहिलं.

"पुढचा डावा," वेंडेल म्हणाला. मग कुबड्या सावरत, "एकदा विचारायचं होतंस. कोण आहेस, एवढंच."

तिला बोलायची बंदी होती. तिनं नुसती मान हलवली, आणि दिवा हिरवा झाल्यावरही गाडी तशीच उभी ठेवली. मागच्यांनी हॉर्न वाजवले.

कोर्टात तिनं गुन्हा कबूल केला. थ्रेडगिल तिच्या बाजूनं बोलायला उभे राहिले, तर तिनं त्यांना बसवलं. नव्वद दिवस तिनं काउंटीच्या तुरुंगात काढले. तिथे एका पोरीनं तिचं घोंगडं ओढून घेतलं, तेव्हा ती उशाखाली हात दाबून रात्रभर थंडीत पडून राहिली. त्या नव्वद दिवसांतली ती सगळ्यात कठीण गोष्ट होती, असं ती सांगायची.

सुटून आल्यावर उन्हाळाभर तिनं नवा आरसा घासला, आणि ऑक्टोबरात फुटपाथवर पुन्हा रांग लागली. पहिल्यापेक्षा छोटी. काही आया पोरांना पलीकडच्या फुटपाथवरून नेत. कॉर्लिस तर दर वर्षी टोनियाचा हात धरून, इकडे न बघता जायची, आणि मिस व्हेनी त्या दोघी कोपरा वळेपर्यंत दुर्बिणीला हात लावत नसे.

सैतानाच्या रात्रीही ती ओट्यावर बसायची. मांडीवर फक्त शिट्टी असायची. मागच्या गल्लीत वेंडेल लाइल्स लंगडत पहारा द्यायचा आणि तासातासानं कुंपणाशी येऊन, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचा, "मी लाइल्स आहे! हातात डबा नाही! मारू नकोस!"

सगळी हॅलर स्ट्रीट हसायची. थ्रेडगिल तर खुर्चीतून पडायचे बाकी राहायचे. मिस व्हेनीला मात्र एकदाही हसू आलं नाही. ती दर वेळी उभी राहायची आणि अंधारात उत्तर द्यायची, "ऐकलं, मिस्टर लाइल्स. ऐकलं."