स्टेशनाजवळचं अंगण

डहाणूत घर घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्यासमोर दोनच घरं होती. एक गावात, खाडीच्या अंगाला, आमच्याच मच्छीमार लोकांच्या वस्तीत. भिंतींना ओल, दाराशी जाळी आणि अष्टौप्रहर मासळीचा वास. दुसरं स्टेशनाजवळ. तिथे पूर्वी नुसती चिकूची वाडी आणि दोन-चार गुजराती दुकानदारांची घरं होती. आता कारकून, मास्तर, रेल्वेतली माणसं येऊन कौलारू घरं बांधू लागली होती. कुणाच्या दारात कुंड्या, कुणाच्या खिडकीत रेडिओ. मला ते दुसरं घर हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, त्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता.

त्याला कारण होतं. मी शाळेत शिकवायचे आणि आमची भाड्याची खोली वस्तीतच होती. साडी कितीही धुतली तरी वर्गात मागच्या बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावून खुसखुसायच्या. हातात छडी असायची माझ्या, आणि मान खाली जायची तीही माझीच. आपल्याच माणसांच्या वासाची लाज वाटावी, हे काही मिरवायचं नव्हे. पण वाटायची खरी.

वास्तविक घर घ्यायचं होतं ते सासूबाईंसाठी. सासरे गेल्यापासून त्या वरोरला, किनाऱ्यावरच्या आमच्या गावी, एकट्या राहत होत्या. बोंबील वाळवायचे, बाजारात नेऊन विकायचे, गुडघे धरून उठायचं. "आईला आता एकटीला ठेवायचं नाही, घर घेऊ ते तिला घेऊनच," असं हे म्हणाले होते, आणि मीही मान डोलावली होती.

स्टेशनाजवळचं घर एका गुजराती दुकानदाराचं. दोन राज्यं वेगळी झाल्यापासून त्यांचं मन इथे लागेना. हद्दीपलीकडे मेहुण्याच्या दुकानात भागी करायची म्हणून ते निघाले होते. धाकटा भाऊ मात्र शेजारच्याच घरात राहणार होता. विहीर एक, अंगण एक.

"बेन, तुम्ही चांगली माणसं," ते म्हणाले, "पण एक वात साफ सांगतो. मच्छी इथे रांधायची नाय, सुकवायची तर बिलकुल नाय. शब्द द्या, मग घर तुमचं."

परतताना मी म्हणाले, "त्यात काय एवढं? खावंसं वाटलं तर वरोरला जाऊन खाऊ."

"आणि आईचं काय?" ह्यांनी विचारलं.

"त्यांनी तरी आता किती दिवस राबायचं? बसून खाऊ देत की."

केवढी काळजी मला सासूची! त्या बाईला बसून खायला घातलं असतं तर ती आठवडाभरात आजारी पडली असती, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ती अट त्यांना सांगायची कुणी, यावर आम्ही दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली. आधी घर तर पाहू दे, असं म्हणून त्यांना तशाच घेऊन आलो.

ठेवणीतलं लुगडं नेसून, कडेवर फडक्याने झाकलेली टोपली घेऊन त्या आल्या. घरात पाऊलही न टाकता अंगणात मधोमध उभ्या राहिल्या आणि पदराचं टोक दोन बोटांत धरून वर केलं. पदर फडफडला. आमच्याकडे बोंबील वाळवणारी बाई जागा अशीच पारखते. भिंती आणि कौलं मागाहून.

"पोरा, काय जागा शोधलीस रे!" त्यांचा चेहरा उजळला होता. "उत्तरेचा वारा सरळ येतो. ऊन पार सांजेपर्यंत. इथून तिथपर्यंत बांबू पुरायचे. तीन दिसांत बोंबील कडकडीत!" मग माझ्याकडे वळल्या. "माज्यासाठीच बघितलंत ना? मला वाटायचं, सून शिकलेली, तिला म्हातारीच्या बोंबलांचं काय पडलंय?" आणि त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. हाताला तोच वास होता. मी हसले.

तेवढ्यात दुकानदाराची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आमच्यात नव्या घरी पहिल्यांदा रिकाम्या हाताने जात नाहीत. आपल्या घरातलं उत्तम असेल ते न्यायचं. सासूबाईंनी टोपलीवरचं फडकं काढलं. निवडून निवडून ठेवलेले, एकसारखे लांब बोंबील, सागाच्या पानात बांधलेले. ती पुडी त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली.

ती बाई वाईट नव्हती. ओरडली नाही. फक्त मागे सरली आणि नाकाला पदर लावला. दुकानदार गडबडून ह्यांना म्हणाले, "तुम्ही आईला सांगितलं नाय?"

सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी विहिरीच्या रहाटाकडे बघत होते. त्यांनी पुडी टोपलीत ठेवली, वर फडकं घातलं, त्याच्या कडा नीट खोचल्या. मग पुन्हा पदराचं टोक वर धरलं. ते मघासारखंच फडफडलं.

"नाय," त्या म्हणाल्या. "वारा बरोबर नाय इथला. मघा माज्या ध्यानात नाय आलं. मी आपली वरोरलाच बरी. तुमी मात्र घ्या हे घर. सूनबाईला शाळा जवळ पडेल."

"नक्की ना, आई?" ह्यांनी विचारलं.

"मंग काय! बोंबलांतलं मला कळतं का तुला?"

माझा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांनीही मला टोचतं ते हेच. पदर माझ्या डोळ्यांदेखत फडफडत होता, बाई माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलत होती, आणि मला आधी काय झालं तर आनंद. घर मिळालं! लाज आली ती मागाहून, त्यांना वरोरच्या बसमध्ये बसवून परत येताना. आपण खाडीकडचं घर घेऊ, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. मी ते गिळले.

घर घेतलं. दिलेला शब्द पाळला. मागच्या बाकावरचं खुसखुसणंही हळूहळू थांबलं.

सासूबाई अधूनमधून यायच्या. न्हाऊन, हातांना लिंबू चोळून. टोपलीत नारळ नाहीतर बोर्डीचे चिकू असायचे. मासळीचा तुकडा त्यांनी त्या घरी पुन्हा कधी आणला नाही. जेवणापुरत्या आत यायच्या, बाकी वेळ अंगणाच्या पायरीवर बसून राहायच्या. समोर दोरीवर माझ्या साड्या वाळत असायच्या.

एकदा थंडीच्या दिवसांत मी दारातून हाक मारली, "आई, आत या ना. गार लागेल."

पदराचं टोक नकळत त्यांच्या दोन बोटांत आलं होतं.

"बसू दे गं," त्या म्हणाल्या. "वारा चांगला हाय इथं."