रेखाताईचा फोन

नाशिक रोडला आमच्या कॉलनीत एका रविवारी सकाळी रेखाताईने जोरजोरात दार वाजवलं. दार उघडलं तर ती डोळे पुसत उभी... हातात एक अंतर्देशीय पत्र.

दोन हजार एक-दोन साल असेल. रेखाताई आणि तिचा नवरा भास्कर आमच्या शेजारी राहायचे. दोघंही जन्मापासून कर्णबधिर. मी तेव्हा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, त्यामुळे कॉलनीत कोणाचा कॉम्प्युटर अडला की बोलावणं मलाच.

त्यांच्या घरी फोन मीच घ्यायला लावला होता. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजण्यापेक्षा घरी फोनच्या लाईनवरून चालणारं डायल-अप नेट स्वस्त पडेल, असा माझा हिशोब. टेलिफोन ऑफिसात अर्ज द्यायला गेलो तेव्हा खिडकीतल्या माणसाने विचारलं होतं, "दोघांनाही ऐकू येत नाही, मग फोन कशाला?"

मी म्हटलं, "बोलायला." त्याने अर्ज घेतला.

बोलायचं होतं मंगलशी. रेखाताई आणि मंगल लहानपणापासून एकाच निवासी शाळेत वाढलेल्या. मंगल लग्न होऊन मालेगावला गेली. सासरी सगळे ऐकू येणारे, खुणांची भाषा कोणालाच येत नाही. माणसं वाईट नव्हती, पण दिवसभरात तिच्याशी होणारं बोलणं म्हणजे जेवलीस का, झोप आता... एवढंच.

म्हणून दोघींनी ठरवलं होतं, रविवारी सकाळी चॅट. मंगल तिकडे कॅफेत यायची, रेखाताई इकडे घरी. पण दहा-पंधरा मिनिटं झाली की कनेक्शन रांगायला लागायचं आणि मग तुटायचंच. पुन्हा लागेपर्यंत मंगलला घरी जावं लागायचं.

त्या पत्रात मंगलने विचारलं होतं, 'तू मध्येच उठून का जातेस? माझा राग आलाय का? तसं असेल तर मी येत नाही.'

मला फार वाईट वाटलं. कारण संध्याकाळी क्लासवरून येऊन मी ते कनेक्शन कितीदा तरी तपासलं होतं. मोडेमचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, वायर बदलली, सेटिंग्ज उलटीसुलटी केली... आणि संध्याकाळी सगळं व्यवस्थित चालायचं! मी आपली म्हणायचे, रविवारी गर्दी असेल, सगळेच नेटवर बसत असतील.

त्या दिवशी मात्र मी तशीच तिच्या घरी गेले. नेट लावलं आणि दोघी बसून राहिलो. थोड्या वेळाने पान अर्धंच उघडायला लागलं, मग कनेक्शन गेलं.

"फोन कुठंय?" मी खुणेने विचारलं. तिने कपाटाच्या वरून खोकं काढलं. फोन कोरा करकरीत, आत तसाच! खरंच, तो कोण वापरणार होतं... त्या घरात लाईनचा आवाज आजवर कोणी ऐकलेलाच नव्हता.

मी फोन जोडला, रिसीव्हर कानाला लावला. डायलटोन होता, पण त्यावर कढईत पापड तळल्यासारखी खरखर. मी तिला खुणेने सांगितलं, लाईनमध्ये घाण आवाज आहे, बाहेर वायर कुठेतरी खराब असेल.

ती एकदम उठली आणि मला खिडकीशी घेऊन गेली. बोटाने वर दाखवलं. वरच्या जाधवकाकूंच्या गॅलरीतून पाणी ठिबकत होतं. कुंड्यांना पाणी घालून झालं होतं नुकतंच. ते पाणी भिंतीवरून ओघळत नेमकं फोनच्या वायरच्या जोडावर पडत होतं... आणि जोडावरची टेप निघालेली.

काकू रोज सकाळी पाणी घालायच्या आणि संध्याकाळपर्यंत जोड वाळायचा. म्हणून मला कधीच काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाईनमन आला. जरा वैतागलेलाच. "डायलटोन येतोय ना मॅडम? मग लाईन चालू आहे."

"दादा, त्यांना ऐकू येत नाही. मैत्रिणीशी लिहून बोलायला घेतलाय फोन."

त्याने रेखाताईकडे बघितलं. मग शिडी लावली, जुना जोड कापून टाकला, नवी वायर ओढून पार दुसऱ्या बाजूने आत आणली. जाधवकाकू वरून बघत होत्या. त्यांना कळलं तेव्हा बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "अगंबाई, माझ्यामुळे होत होतं का हे! कोणी सांगायचं नाही का मला?" लगेच कुंड्या उचलायला लागल्या.

मंगलला रेखाताईने पत्र टाकलं... राग नाही, वायर भिजत होती. फक्त एकदा ये.

रविवारी मी मुद्दाम शेजारी बसले. मंगल येते की नाही, कोण जाणे. रेखाताईची नजर स्क्रीनवरून हलत नव्हती.

मंगल आली. दोघींचं टायपिंग सुरू झालं आणि या वेळी ते थांबलंच नाही. मी उठून चहा टाकायला गेले, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून केवढा तरी मोठा आवाज आला. मी घाबरून धावले. जिन्यावरून जाधवकाकूही धावत आल्या.

रेखाताई उभी होती. आनंदाने ओरडत होती, तिला कुठे माहीत आवाज किती लांब गेला ते! स्क्रीनवर मंगलने लिहिलं होतं, 'मला दिवस गेलेत. घरी अजून कोणाला सांगितलं नाही. पहिलं तुला.'

रेखाताईने आमच्याकडे वळून दोन्ही हातांनी पाळणा हलवून दाखवला. काकूंनी तिला जवळच घेतलं.

आज हातातल्या फोनवर बोटभर अंतरावर सगळं जग आहे. तरी एखादी बातमी आली की मला वाटतं... ही सगळ्यात आधी ज्याला सांगावी असं माणूस आपल्याला आहे, हेच केवढं भाग्य!