ऑर्कांच्या गावातली संत्री

पांढुर्ण्याला आमचा खेळ रविवारी दुपारी भरतो. माझा मित्र मेडिकल स्टोअरचं शटर अर्धं ओढतो, मी सौसरहून बसनं पोचतो, बँकेत नोकरी करणारी मैत्रीण फाशांचा डबा घेऊन येते, आणि दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही बसतो. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातलं एकेक पात्र व्हायचं, आणि अडलं तिथं फासा टाकायचा. गोष्ट सांगणारा मी. शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं असावं.

मित्र कॉलेजपासून एकच पात्र खेळत आलाय: दाढीवाला, कुऱ्हाडवाला बुटका. त्याचं आयुष्यातलं काम एकच, ऑर्क मारणे. ऑर्क म्हणजे आपल्या राक्षसांचे विलायती चुलतभाऊ. हिरवट कातडी, ओठाबाहेर आलेले सुळे. खेळाच्या जुन्या पुस्तकात त्यांच्या नावापुढं स्वभावच छापलेला असे: दुष्ट. विषय संपला.

मग नवी आवृत्ती आली. तिच्यात तो शब्द नव्हता. उलट ऑर्क आता बुटक्यांच्या शेजारी, खेळाडूंनी निवडायच्या पात्रांत जाऊन बसले होते.

"हे काय होय?" मित्र पानं उलटत म्हणाला. "सगळेच चांगले झाले तं मारायचं कोणाले?"

"चांगले झाले असं कुठं लिहिलंय? जन्मानंच वाईट नाहीत, एवढंच," मैत्रीण म्हणाली.

"म्हणजे आता आधी चौकशी करायची?"

वहिनी तेवढ्यात वर आल्या होत्या. फार्मसीची पदवी त्यांची, दुकान दोघांचं. इतकी वर्षं त्यांनी आमचा आरडाओरडा खालूनच ऐकला होता. त्यांनी नवऱ्याच्या हातातून पुस्तक घेतलं, सुळेवाल्या बाईचं चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, मी हे होऊ का?"

मित्राचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

त्या दिवसासाठी मी चुनखडीच्या खिंडीतलं ऑर्कांचं गाव रचलं होतं. त्याचं वर्णन करून मी गोष्ट सुरू केली. बुटक्यानं नेहमीप्रमाणे कुऱ्हाड उचलली.

"अजी, थांबा जरा," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, गावात लेकरं असतीन ना?"

"असतील," मी म्हणालो. खरं तर माझ्या कागदावर ऑर्क किती आणि भाले किती, एवढंच होतं.

"मंग हे लोक खाऊन काय राहिले? पिकवतात का काही?"

मी इकडंतिकडं पाहिलं. खिडकीतून खाली संत्र्यांच्या क्रेटांनी भरलेला टेम्पो दिसत होता. "संत्री," मी म्हणालो.

मैत्रीण हसत सुटली. मीही मग रेटत गेलो. यंदा ऑर्कांची फळं पिकायच्या आधीच गळताहेत, घरात दाणा नाही, म्हणून ते माणसांची कोठारं लुटताहेत.

मित्राच्या घरची मोहगावच्या बाजूला संत्र्याची बाग आहे. तो पुढं सरकला. "कोणता बहार?"

"आंबिया."

"खोडाशी पाणी साचून राहिलं का?"

"साचतं," मी ठोकून दिलं.

"मंग गळनच ना! दुहेरी आळं करा म्हणा, म्हणजे पाणी खोडाले लागत नाही. अन् बुरशी नको म्हणून खोडाले बोर्डो पेस्ट."

"ऑर्काले बोर्डो पेस्ट कुठून मिळन?" वहिनींनी विचारलं.

"मोरचूद अन् चुना. खिंड चुनखडीची हाय, हा आताच म्हणला."

पण हे ऑर्कांच्या मुखियाला पटवायला हवं होतं. मी आवाज जड करून मुखिया झालो. "तू माझ्या भावाला मारलंस, बुटक्या."

खेळात मित्रानं इतके ऑर्क मारले होते, पण त्यांच्यापैकी कोणाला भाऊ असल्याचं त्याला पहिल्यांदाच कळत होतं. "मारलं," तो म्हणाला. "त्याचं नाव बी नाही विचारलं मी."

वहिनींची ऑर्क मध्ये पडली. "हा माणूस तोंडाचा फाटका हाय. पण झाडाच्या बाबतीत खोटं नाही बोलत."

फासा पडला तो तीनवर. वीसपैकी तीन म्हणजे काहीच नाही. मुखियानं माफ केलं नाही. फक्त म्हणाला, "एक झाड देतो. कुऱ्हाड इथं ठेवून जा."

मित्रानं कुऱ्हाड ठेवली.

पुढच्या रविवारी झाड सावरलं. वरच्या ओढ्यात कोणीतरी खारं पाणी सोडतंय हेही उघडकीला आलं. तो निघाला एक देखणा, गोड बोलणारा एल्फ, आपल्या यक्षांचा विलायती भाऊबंद. पूर्वीच्या पुस्तकात एल्फ म्हणजे सज्जनपणाचा कळस.

"आता तं मारू ना?" मित्रानं आशेनं विचारलं.

"आधी चौकशी," मैत्रीण आणि वहिनी एकदम म्हणाल्या. चौकशी झाली. एल्फ पक्का लबाड ठरला, आणि मग जी लढाई झाली तीत मित्रानं सगळी कसर भरून काढली.

माझं काम मात्र वाढलंय. कोणतंही गाव रचताना आता विहीर कुठं, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे सगळं ठरवून जावं लागतं, कारण वहिनी विचारतात. बुटका अजून खिंडीतच राहतो. परवा मुखियाच्या पोरीचं लग्न होतं. पंगतीत आधी भात वाढायचा की पोळी, यावरून मित्र आणि वहिनींत असं काही वाजलं, की मी आखलेला दरोडा राहूनच गेला आणि माझी सौसरची बस चुकली.