कापिओ आणि कुनैनची बाटली

कापिओ, कापेरे, केपी, काप्तुम.

आता ह्या वयात मला कालची भाजी कोणती होती ते आठवत नाही, पण हे चार शब्द झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणून दाखवीन. माझा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता. लॅटिन भाषेतलं एक क्रियापद आहे ते. माझ्या नवऱ्याच्या पाठोपाठ घरात शिरलं आणि वर्षभर हललं नाही. इतका तर पाहुणाही टिकत नाही.

आमचं गाव नागऱ्याच्या अलीकडे. घरची धानाची शेती, ती सासरे आणि धाकटा दीर बघत. माझे यजमान मात्र रोज सायकलनं गोंदियाला जात. तिथं बाजारातल्या एका डॉक्टरकडे ते कंपाउंडर होते. औषधं खलायची, मिक्श्चर बनवायचं, बाटल्या भरायच्या. काम त्यांना चांगलं येत होतं, कोणाची तक्रार नव्हती. पण स्वराज्य आलं आणि थोड्या वर्षांत नवा नियम निघाला की, परीक्षा पास झाल्याशिवाय कोणी औषध बनवायचं नाही. परीक्षा नागपूरला. आणि तिच्यात लॅटिन, कारण डॉक्टर लोक चिठ्ठीवर लॅटिन लिहीत. आता बघा, रोगी आमच्याकडचा, डॉक्टर हिंदी बोलणारा, कंपाउंडर आम्हा पवारांतला, आणि चिठ्ठी लॅटिनमधून! मी विचारलं, "कायले?" तर म्हणाले, "पद्धत आहे." झालं. पद्धत आहे म्हटलं की आमच्या घरात बोलणं तिथंच संपायचं.

डॉक्टर औषधांच्या नावांखाली लिहायचे 'कापिआत', म्हणजे रोग्यानं घ्यावं. तेवढं कळलं की काम झालं ना? पण नाही. डॉक्टरांना भारी हौस. ते ह्यांना म्हणाले, "जिस क्रिया से रोटी मिलती है, उसका पूरा खानदान मालूम होना चाहिए." झालं, ते पूर्ण खानदान आमच्या सैपाकघरात येऊन बसलं. हो, सैपाकघरातच. कारण ह्यांनी ते खडूनं सैपाकघराच्या कवाडावर आतल्या बाजूनं लिहून ठेवलं, नागरी अक्षरांत. मी चौथी पास. मी चुलीपाशी बसून कवाडाकडे बघायचं, ह्यांनी कवाडाकडे पाठ करून म्हणायचं आणि चुकलं की मी टोकायचं. भाकरी करपली की बोलणी मात्र मलाच.

कापिओ म्हणजे मी घेतो. इथवर ठीक. पण पुढं घेणं म्हणजे काय काय, ते सुरू व्हायचं. हातात घेणं. चोर धरणं. लढाईत शहर जिंकून घेणं. शस्त्र घेणं. जेवण घेणं. झोप घेणं, म्हणजे डोळा लागणं. एखादा बेत ठरवणं, तोही त्यांच्यात 'घेतात'. दुःख होणं, तेही 'घेतात'. एखादी गोष्ट डोक्यात शिरणं. आणि घरात माणसं मावणं, म्हणजे घरानं माणसांना घेणं, तेसुद्धा हेच क्रियापद! मी एकदा वैतागून म्हटलं, "ह्या लोकायच्यात कोणी काही देते का नाई? सारे घेऊनच राहिले." तर हे गंभीरपणे म्हणाले, "देण्याचा वेगळा आहे. तो अजून झाला नाई." माझे कान किटले होते. सासरे अंगणातून ओरडायचे, "काय कापून राहिला रे सकाळपासून? धान तं अजून हिरवा आहे!"

तसे सासरे स्वभावानं गरीब होते. घर चालायचं ते सासूच्या हातानं. मी त्यांना माय म्हणायची. मायचा हात सैल होता, पण पद्धत पक्की. बाहेरून घरात कोणतीही वस्तू आली की ती आधी मायच्या हातात. माय ती देवापुढं ठेवणार, मग वाटणार. पहिले सासरे, मग दीर, मग हे, मग माय स्वतः, आणि उरलं तर मी. पेरू असो, लाडू असो, जत्रेतला चिवडा असो. उरायचंही पुष्कळदा, खोटं कशाला बोलू. माय मला उपाशी ठेवायची असं नाही. फक्त मी शेवटी.

ते वर्ष माझ्या पहिल्या लेकीचं. पाच-सहा महिन्यांची होती पोर, अंगानं चांगली भरली होती. धानाची रोवणी आटोपली, बांध्यांत, म्हणजे खाचरांत, पाणी तुंबलं, मच्छर झाले आणि मला हिवतापानं धरलं. एक दिवसाआड यायचा. आधी थंडी, दात वाजायचे, अंगावर घरातली सगळी पांघरुणं टाकली तरी थांबायचे नाहीत. मग भट्टी पेटल्यासारखं अंग. मग घाम. घाम आला की मी उठून चुलीपाशी, कारण चुलीला ताप येत नाही.

तापाचं मी सोसलं असतं. पण माझं दूध आटायला लागलं. पोर ओढून ओढून रडायची, माझ्याकडे बघायची, पुन्हा ओढायची. बकरीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून पाहिलं, तिनं ते ओकून टाकलं. तिच्या मांड्यांची कातडी सैल पडायला लागली. माय जिऱ्याचा काढा करून द्यायची, पोरीची दृष्ट काढायची. तिलाही काळजी होतीच. पण ताप हटेना आणि दूध येईना.

शेवटी ह्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, खाली कापिआत. ह्यांनी आपल्या हातानं कुनैनचं मिक्श्चर बनवलं, बाटलीला कागदाची पट्टी चिकटवली. त्या पट्टीला कात्रीनं खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक खुराक, एका वेळचं औषध. असं सगळं शिस्तीत करून हे घरी आले आणि बाटली दिली कोणाला? मायच्या हातात! पद्धत आहे ना.

मायनं बाटली देवापुढं ठेवली. हळदकुंकू वाहिलं. मी घोंगडीतून बघत होते, मला वाटलं, असू दे, देवाचा आशीर्वाद लागला तर बरंच. संध्याकाळी मायनं सगळ्यांना बोलावलं आणि छोटी वाटी काढली. एक खुराक सासऱ्यांना. एक दिराला. दीर म्हणाला, "मले कायले? मले तं काई झाला नाई." माय म्हणाली, "घरात एकाले ताप आला म्हंजे तो सगळ्यायच्याच आंगात असते. वाटून घेतला म्हंजे जाते." दिरानं डोळे मिटून ते ढोसलं आणि 'अरे बापा रे' करत अंगणात पळाला. मग ह्यांना एक. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि घेतलं! कंपाउंडर! मग मायनं स्वतः घेतलं, तोंड वाकडं करून. आणि मग मला. असंच सकाळी, असंच संध्याकाळी. जी बाटली मला पुष्कळ दिवस पुरायची ती दुसऱ्याच दिवशी धुऊन पालथी घातली.

हे मला विचारतात, "ताप काऊन नाई उतरून राहिला?"

मी म्हटलं, "कोणाचा?"

दुसरी बाटली आणली. मला वाटलं, आता तरी शहाणपण सुचेल. मी घोंगडीतून हात बाहेर काढून ठेवला होता. हे सायकल लावून आत आले, माझ्या हाताजवळून गेले आणि बाटली मायला दिली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या दिवशी तापाची पाळी नव्हती, तरी अंग तापलं.

मी म्हटलं, "मायले सांगा ना."

"काय सांगू?"

"का हा औषध एकटीचा आहे."

"असा कसा सांगू? तिले वाईट वाटन. ती काय वाईट थोडीच करून राहिली?"

"अन् पोरीचा काय?"

तर हे उठले आणि कवाडाकडे पाठ करून सुरू झाले: कापिओ, कापिस, कापित. मला सांगा, माणसानं करावं काय? ज्याला घेणं ह्या गोष्टीचे इतके अर्थ पाठ होते, त्याच्या तोंडून आपल्या आईसमोर एक वाक्य फुटत नव्हतं. शहर जिंकता येत होतं, चोर धरता येत होता, वाटी मात्र धरता येत नव्हती. मी तापात बडबडायची तेव्हा तेच शब्द बडबडायची, आणि माय म्हणायची, सुनेला बाहेरची बाधा झाली.

दुसरी बाटलीही तशीच संपली. तिसरी आली, देवापुढं गेली. आणि दुसऱ्या दिवशी ह्यांना परीक्षेसाठी नागपूरला निघायचं होतं.

त्या सकाळी ताप नुकताच उतरला होता. पोर मांडीवर होती, रडतही नव्हती. रडायची थांबली होती, त्याचीच मला धास्ती. हे अंघोळ करून, कोरं धोतर नेसून आले आणि म्हणाले, "ऐकून घे न व एकदा. शेवटचा."

मी पोरीला खाली ठेवलं. भिंत धरून उठले. चुलीजवळचं ओलं पोतेरं घेतलं आणि कवाड वरपासून खालपर्यंत पुसून काढलं. कापिओ गेलं, कापिआत गेलं, सगळं खानदान पांढऱ्या पाण्यात ओघळून उंबऱ्यावर आलं.

"येडी झाली का तू?" हे ओरडले.

"पाठ झाला ना तुमचा? मंग म्हणा. पण पयले तिकडे जाऊन म्हणा, मायपाशी. नाई तं मी पोट्टीले घेऊन माहेरी चालली, अन् तुमी या पास होऊन रिकाम्या घरात."

माहेरी जाण्याइतकं पायांत बळ नव्हतं, बैलबंडीपर्यंतही पोचले नसते. पण माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, हे वळले. माय पडवीत सुपानं तांदूळ पाखडत होती. हे तिच्यासमोर उभे राहिले. नंतर नागपूरला परीक्षकासमोर उभे राहिले असतील तसे, हात मागं बांधून.

"माय, तो औषध हिचा आहे. हिलेच घेऊ दे. आमी कोणी नाई घेणार."

सूप थांबलं. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. माय वर न बघता म्हणाली, "मले कोणी देल्ला होता का?"

अंगणात सासरे दोरी वळत बसले होते. ते उठले, दोरी तिथंच टाकून बांधीकडे निघून गेले.

मला पुढं कळलं की ह्यांच्याआधी मायला एक लेक झाली होती. अशाच दिवसांत मायला असाच ताप आला, असंच दूध आटलं. गावातल्या वैद्यानं पुडी दिली होती, ती हातोहात घरात वाटली गेली आणि मायपर्यंत कागदच आला; लेक राहिली नाही. हे मायनं सांगितलं नाही, मागून चुलत सासूनं सांगितलं. ह्यांनासुद्धा माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत ह्या घरात कोणी एका शब्दानं बोललं नव्हतं! आणि मी सबंध महिनाभर मायवरचा राग जपून ठेवला होता, एकेक वाटी मोजून. आता त्या रागाचं काय करायचं? तो राहिलाही नाही आणि धड गेलाही नाही. माझी मलाच चीड आली.

माय उठली. देवापुढची बाटली घेतली, पदरानं तिच्यावरचं कुंकू पुसलं, वाटीत एका खाचेपुरतं ओतलं आणि माझ्या तोंडाला लावलं. "गिळ," म्हणाली. त्यानंतर तिनं ती बाटली कोणाला हात लावू दिली नाही. दीर गमतीनं हात पुढं करायचा तर चापट खायचा. ताप तुटला. मग हळूहळू दूध आलं. पोर पुन्हा ओरडून रडायला लागली तेव्हा मी पहिल्यांदा ढसाढसा रडले.

आणि नागपूर? ह्यांना नागपुरात कोणी कापिओ विचारलं नाही! परीक्षकानं विचारलं, बाटल्या कशा धुता? ह्यांनी सांगितलं, पास झाले. वर्षभर माझ्या भाकरी करपल्या, घराचं कवाड पांढरं झालं, आणि विचारलं काय तर बाटल्या कशा धुता. मी कपाळावर हात मारून घेतला. हे पेढे घेऊन आले आणि पुडा मायच्या हातात दिला. द्या, म्हटलं, आता पेढेच आहेत.

पुढच्या वर्षी रोवणीनंतर मायला ताप आला. ह्यांनी बाटली आणली. मायनं ती देवापुढं ठेवली, वाटीत एक खुराक ओतला आणि वाटी माझ्यापुढं धरली.

मी वैतागले. "माय, ताप तुमाले आहे. मले कायले?"

"घे," माय म्हणाली. "तवा तुले आखरीले देल्ला. एक डाव तरी पयले घे."

मी म्हटलं, असं काही नसतं, औषध का लाडू आहे? पण तिनं वाटी मागं घेतली नाही. हात हलत होता, औषध सांडत होतं. मी वाटी घेतली आणि पिऊन टाकली. कडू जहर. दुसरा खुराक ओतून मी तिच्या तोंडाला लावला. संध्याकाळपर्यंत कुनैननं माझे कान गुणगुणत होते.